रात्री गार, दुपारी कडक ऊन: परड्यात उन्हाळी भाजी लावायची कधी?

वडगावच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. घरामागे अर्ध्या गुंठ्याचं परडं आहे. फेब्रुवारी लागला तरी पहाटे स्वेटर काढवत नाही, दुपारी अंगणात अनवाणी उभं राहवत नाही, आणि मधेच दोन दिवस आभाळ भरून येतं. गेल्या वर्षी जानेवारीअखेर टाकलेल्या भेंडी-दोडक्याच्या बिया निम्म्याही उगवल्या नाहीत. मग थांबून मार्चच्या मध्यावर टोमॅटोचा तरू (लावणीची रोपं) लावला, तर तो आठवड्यात करपला. लवकर लावलं तरी जातं, उशिरा लावलं तरी जातं, तर लावायचं कधी?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. बेळगाव शहर आणि आसपासच्या गावांत भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारली यांच्या बिया साधारण १० फेब्रुवारीपासून महिनाअखेरपर्यंत पडाव्यात. टोमॅटो आणि मिरचीचा तरूही फेब्रुवारी संपायच्या आत जमिनीत जावा. पण ताई, ही तारीख म्हणजे नुसता अंदाज. बी उगवणार की नाही ते रात्र ठरवते आणि उगवलेलं जगणार की नाही ते दुपार ठरवते. तुमची भेंडी रात्रीने खाल्ली, टोमॅटो दुपारने.

थंडी शिवरात्रीला 'शिव शिव' म्हणत जाते असं आपल्याकडे म्हणतात, शेजारची कन्नड मंडळीही तेच म्हणतात. म्हण खोटी नाही, पण तिच्यावर पेरणी करू नका. शिवरात्र २०२४ मध्ये ८ मार्चला होती, २०२५ मध्ये २६ फेब्रुवारीला आणि २०२६ मध्ये १५ फेब्रुवारीला. अधिक महिन्याच्या हिशोबात तिथी अशी तीन आठवडे मागेपुढे सरकते, माती सरकत नाही. म्हणून मातीलाच विचारावं. साधा काचेचा थर्मामीटर (तापाचा नव्हे) सकाळी सातच्या सुमाराला वाफ्यात दोन इंच खोल खुपसा आणि पाच मिनिटांनी बघा. सलग तीन-चार सकाळी १८ अंशांच्या वर आकडा दिसला तर भेंडी टाकायला हरकत नाही. १५-१६ दाखवत असेल तर बी डब्यातच राहू द्या. थर्मामीटर नसेल तर उघड्या मातीत बोट दोन पेरं आत घालून थोडा वेळ धरा. गारठा बोटाला टोचत असेल तर अजून वेळ आहे.

हवेचं तापमान बघून फसायला होतं. फेब्रुवारीत बेळगावात दुपारी ३१-३२ अंश असतात, म्हणून आपल्याला वाटतं उन्हाळा आला. पण रात्री पारा १४-१५ वर येतो, कधी त्याच्याही खाली, आणि ओली माती तो गारवा सकाळी नऊ-दहापर्यंत धरून ठेवते. भेंडीचं बी अशा मातीत पाणी पिऊन फुगतं, पण कोंब सरकत नाही. २५ ते ३० अंशांत जे बी सहाव्या दिवशी वर येतं ते गार मातीत पंधरा-पंधरा दिवस पडून राहतं, आणि तेवढ्यात त्याला बुरशी लागते. उकरून बघितलंत तर बी मऊ, चिकट लागतं. लोक दुकानदाराला दोष देतात. बहुतेक वेळा बी चांगलं असतं.

आता कोणी म्हणेल, मग मार्चपर्यंत थांबलेलं काय वाईट? इथे आपला जिल्हा आडवा येतो. पाऊस साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात घाट चढून वर येतो आणि बेळगाव-खानापूर पट्ट्यात एकदा झड लागली की उन्हाळी भेंडी, काकडी, टोमॅटो यांचा कारभार आटोपतो. भेंडीला पहिली तोडणी यायला ४५ ते ५० दिवस लागतात, दोडक्याला ५५-६०. फेब्रुवारीच्या मध्यावर पेरलं तर एप्रिलच्या सुरुवातीपासून दोन महिने भाजी मिळते. मार्चअखेर पेरलं तर रोप लहान असतानाच सगळ्यात कडक ऊन अंगावर येतं आणि भाजी सुरू होते-न होते तोच पाऊस. त्यामुळे ही खिडकी मोजकीच आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना गज आहेत.

ही खिडकी सगळीकडे एकाच वेळी उघडत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, म्हणून रात्री गार. जांबोटी, कणकुंबीकडे झाडी जास्त, सकाळी उशिरापर्यंत धुकं आणि दव, तिथे आठ-दहा दिवस उशिरा धरा. त्यांच्याकडे पाऊसही आधी आणि जोरात येतो, म्हणून तिथे लवकर येणारी पिकंच निवडावीत, काकडी, गवार अशी. निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात बेळगावपेक्षा आठवडाभर आधी चालतं. अथणी, कागवाडकडे तर जानेवारीअखेरही भेंडी उगवते, पण तिकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा घाई तिथेच जास्त हवी. बेळगावातल्या एखाद्याने अथणीच्या पाहुण्याचं बघून बी टाकलं की घोटाळा झालाच.

आता गार माती थोडी फसवण्याच्या युक्त्या. भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी ओल्या सुती फडक्यात बांधून स्वयंपाकघरात उबेला ठेवा, मटकीला मोड आणतो तसं. पांढरं टोक दिसलं की लगेच लावा. मोड लांबू देऊ नका, लावताना तुटतो. कारल्याचं बी टणक कवचाचं असतं, त्याची टोकाकडची कड नेलकटरने जराशी छाटून चोवीस तास कोमट पाण्यात ठेवलं तर फरक दिसतो. दुसरं, पेरणीच्या आधी पाच-सहा दिवस वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीने दाबा. खालची माती चांगली तापते. काळं प्लॅस्टिक या कामाला तेवढं उपयोगी नाही. तिसरं, या दिवसांत पाणी संध्याकाळी देऊ नका. सकाळी दहाच्या पुढे द्या, म्हणजे उन्हाने ती ओल तापायला दिवस मिळतो. मार्चच्या मध्यानंतर हे उलटं करायचं, तेव्हा पहाटे किंवा दिवस मावळताना.

बी फार खोल घालू नये. भेंडी, काकडी, दोडका पाऊण इंच, बस. तांबड्या मातीत मात्र एक अडचण येते. पेरल्यावर ढगाळ होऊन चार थेंब पडले आणि पाठोपाठ ऊन आलं की वर पोपडा धरतो आणि कोंब खालीच वाकडा होऊन मरतो. म्हणून बियांवर माती न ओढता चाळलेलं शेणखत आणि भाताचं तूस मिसळून ओढावं. आपल्याकडे भातगिरणीत तूस मिळतंच. पोपडा धरलाच तर खुरप्याने उकरू नका, झारीने हलकं पाणी मारून मऊ करा.

मातीचा विषय निघालाच आहे तर, बेळगाव आणि खानापूरकडची तांबडी, जांभ्याची माती लवकर तापते, पाणीही लवकर सोडते, आणि बहुधा आम्लधर्मी असते. टोमॅटोच्या फळांची बुडं काळी पडून सडतात, ती तक्रार इथे फार. चुन्याची कमतरता आणि पाण्याची ओढाताण, दोन्ही मिळून ते होतं, कीड नसते. माती तपासून मगच चुना टाका, आणि तो लावणीच्या तीन-चार आठवडे आधी, शेणखताबरोबर नव्हे. चिकोडी, गोकाक, अथणीच्या काळ्या मातीत उलट प्रकार. ती भरपूर पाणी धरते म्हणून उशिरा तापते, आणि वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. तिथे सपाट वाफे करू नयेत, सरीच्या बगलेवर बी लावावं. वरंब्याचा माथा लवकर सुकतो आणि तापतो, शिवाय वळवाचं पाणी सरीतून निघून जातं.

आता पिकं. भेंडी दोन ओळींत दीड फूट, दोन झाडांत वीतभर. सगळं बी एकदम टाकू नका. निम्मं पहिल्यांदा, उरलेलं बारा-पंधरा दिवसांनी. हवामान असं लहरी असताना याहून चांगला विमा नाही. पहिली पेर थंडीने अडली तर दुसरी उगवते, दुसरी उन्हात अडकली तर पहिली तोवर खायला सुरू झालेली असते. वाण घेताना अर्का अनामिका किंवा परभणी क्रांती घ्या. हळद्या रोगाला ते बऱ्यापैकी टिकतात. पूर्वी जितके टिकत तितके आता टिकत नाहीत, हेही खरं. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेलं पहिलं झाड दिसलं की हळहळ न करता उपटा, कारण पांढरी माशी त्याच झाडावरून रोग सगळीकडे नेते.

गवार ही या दिवसांतली सगळ्यात बिनतक्रार भाजी. पाणी थोडं कमी-जास्त झालं तरी रुसत नाही. पुसा नवबहार चांगला. एवढंच बोलतो तिच्याबद्दल.

वेलांना मांडव हवा, आणि तो बी टाकतानाच उभा करा. नंतर काठ्या रोवताना मुळं दुखावतात. काकडी, दोडका, दुधी यांची कोवळी दोन पानं फुटली की लाल भुंगेरे येतात आणि एका दिवसात पानांची चाळण करतात. फेब्रुवारीतली थंडी इथे आपल्या बाजूने असते. सकाळी गारठ्यात भुंगे सुस्त असतात, उडत नाहीत. सूर्य वर यायच्या आत वेचून साबणाच्या पाण्यात टाका. पानांवर दव असतानाच चुलीतली चाळलेली राख उधळली तर ती चिकटून राहते. चार पानं झाली की भुंग्यांची भीती बरीच कमी होते.

वेलांबद्दल आणखी एक तक्रार नेहमी येते, की फुलं भरपूर येतात पण फळ धरत नाही. सुरुवातीची फुलं नरच असतात, तिथे घाबरू नये. जास्त नत्र, म्हणजे युरियाचा मारा, आणि कडक ऊन यांनीही नर फुलं वाढतात. पण मादी फुलं येऊनही गळत असतील तर परागीकरण होत नाही. दोडका आणि दुधी यांची फुलं संध्याकाळी उमलतात, काकडी आणि कारल्याची सकाळी. लोक सकाळी उठून दोडक्याच्या फुलांना हात लावतात, तोवर वेळ टळलेली असते. दिवस मावळताना ताजं नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढा आणि मधला भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या मागे इवलंसं फळ असतं.

टोमॅटो आणि मिरचीकडे वळतो, कारण तुमचा खरा तोटा तिथे झालाय. टोमॅटोचं फूल दिवसा ३५ अंशांच्या पुढे आणि रात्री २२-२३ च्या पुढे नीट धरत नाही, गळून जातं. बेळगावात एप्रिलमध्येही रात्री २० च्या आसपास असतात आणि संध्याकाळी घाटाकडून गार वारा सुटतो. टोमॅटोच्या दृष्टीने ही चैन आहे, अथणीला ती नाही. पण ती घ्यायची तर फुलोरा मार्चअखेर-एप्रिलमध्ये यायला हवा, म्हणजे तरू फेब्रुवारीतच लागला पाहिजे. मार्चच्या मध्यावर नर्सरीतून आणलेला तरू शेडनेटखाली, कोकोपीटमध्ये वाढलेला असतो. त्याला तुमच्या दुपारच्या उन्हाची आणि कोरड्या वाऱ्याची ओळखच नसते. तो ट्रेमधून काढून थेट वाफ्यात लावला की पानांतून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळांना ओढता येत नाही, आणि दोन दिवसांत पानं कागदासारखी होतात. त्याला पाणी कमी पडलं असं वाटून आपण आणखी पाणी ओततो आणि बुंधा कुजतो.

तरू आणल्यावर पाच-सहा दिवस ट्रेमध्येच ठेवा. पहिल्या दिवशी सकाळचं तासभर ऊन, मग रोज थोडं वाढवत न्या, पाणी जरा हात राखून द्या. लावणी ढगाळ दिवशी किंवा ऊन कलल्यावर करा. टोमॅटोचा तरू खोल लावला तरी चालतो, खोडालाही मुळं फुटतात. मिरची आणि वांग्याला मात्र बुंध्याशी ट्रेमध्ये होती तेवढ्याच उंचीपर्यंत माती ठेवा. लावल्यावर रोपाच्या पश्चिमेला निरगुडीच्या किंवा कडुनिंबाच्या दोन डहाळ्या खोचा. चार-पाच दिवस दुपारनंतरचं ऊन त्या झेलतात, पानं गळतात तसतशी सावली आपोआप कमी होते. शेडनेट विकत आणायलाच पाहिजे असं काही नाही. आणायचीच तर ३५ टक्क्यांची आणा, ७५ टक्क्यांच्या दाट हिरव्या जाळीखाली झाडं उंच आणि पोचट होतात. जुनी सुती साडी एप्रिल-मेमध्ये दुपारपुरती ताणली तरी काम भागतं.

वाणांमध्ये टोमॅटोचा अर्का रक्षक पाहा. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा हा संकरित वाण पर्णगुच्छ (पानं आकसून मुरडणं), जिवाणूजन्य मर आणि करपा या तिन्हींना तोंड देतो, आणि तांबड्या मातीत मर रोग ही मोठी डोकेदुखी आहे. संकरित असल्यामुळे घरचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच येणार नाही. मिरचीत हिरव्या तोडणीसाठी ज्वाला जातीची घ्या. संकेश्वरी लावावी असा मोह आपल्या भागात सगळ्यांना होतो, पण ती लाल करून वाळवायची, जास्त करून पावसाळी हंगामाची. तिची आठवण मे-जूनमध्ये काढा.

पालेभाजीचं थोडक्यात. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा फेब्रुवारीअखेरपर्यंतच. त्यानंतर कोथिंबीर हातभर व्हायच्या आधी फुलावर येते. मार्चपासून लाल माठ, राजगिरा, चवळी. फ्लॉवर-कोबीची रोपं बाजारात स्वस्त मिळतात म्हणून आता आणू नका, ती स्वस्त का मिळतात ते ओळखा.

आच्छादनाबद्दल सगळे सांगतात, पण कधी घालायचं ते कोणी सांगत नाही. फेब्रुवारीत पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, पसरली तर माती गारच राहील आणि उगवण आणखी अडेल. रोपं हातभर झाली आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माती तापली की मग दोन-तीन इंच पिंजर किंवा उसाचं पाचट घाला, बुंध्यापासून चार बोटं लांब. तांबड्या मातीत पिंजरीखाली वाळवी येते, म्हणून खाली मूठभर निंबोळी पेंड टाकावी.

मधे येणाऱ्या ढगाळ दिवसांत पाण्याचा हात आखडता घ्या. ओली माती आणि बंद आभाळ या जोडीला रोपांची मर लागते, आणि मावाही याच दिवसांत वाढतो. शेंड्यांच्या खालच्या बाजूला बघत चला. दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, फार असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे ५० ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेली, संध्याकाळी फवारा. रात्री दव आणि दिवसा कोरडं असं सुरू झालं की काकडी-दुधीच्या पानांवर पांढरी भुरी दिसते. गंधक तिच्यावर चालतं, पण वेलवर्गीय पानं गंधकाने भाजतात, आणि पारा ३२ च्या पुढे असेल तर हमखास. घरच्या परड्याला एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी आठवड्यातून एकदा फवारलं तर सुरुवातीची भुरी आवरते. पांढरी माशी आणि फुलकिडे मात्र ढगाळीत नाही, कोरड्या उष्णतेत वाढतात. टोमॅटो-मिरचीच्या तरूवर पहिला महिना मच्छरदाणीचं कापड टाकलं तर चुरडामुरडा बराच टळतो. टोमॅटोला मधमाशी नसली तरी चालतं. काकडी-दोडक्यावर असं कापड असेल तर फुलं दिसताच काढा.

राहिला वळीव. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ काळं होतं, वारा सुटतो, कधी गारा पडतात. टोमॅटोला आधाराच्या काठ्या आणि मांडवाला तिरके टेकू पाडव्यापर्यंत लागलेले असावेत. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी वाफ्यात शिरू नका, ओली माती तुडवली की घट्ट बसते. वाफसा आला, म्हणजे चिखल ओसरून माती मोकळी झाली, की मोडलेल्या फांद्या स्वच्छ कात्रीने कापा, चिरलेली फळं तोडा आणि जखमांवर बुरशी बसू नये म्हणून कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम फवारा. फवाऱ्यानंतर काही दिवस भाजी तोडायची नाही, डब्यावर लिहिलेली मुदत पाळा. लगेच युरिया मात्र टाकू नका. कोवळी फूट भसाभस येते आणि तिच्यावर सगळी कीड येऊन बसते. आठवडा जाऊ द्या, मग झाडामागे ओंजळभर गांडूळखत पुरे.

बियाणं आणि माती तपासणीसाठी तुमच्या होबळीचं (तालुक्याच्या खालच्या महसुली विभागाचं) रयत संपर्क केंद्र आहे, आणि बैलहोंगल तालुक्यात मत्तिकोप्पला कृषी विज्ञान केंद्र. मातीचा नमुना देताना वरचा पालापाचोळा बाजूला करून सहा इंच खोलीपर्यंतची माती घ्या, परड्यातल्या पाच-सहा जागांची एकत्र करा, सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो न्या. खत टाकल्यावर नव्हे, टाकायच्या आधी. या वर्षी भेंडीची पहिली निम्मी पेर करायला अहवालाची वाट बघू नका. टोमॅटोच्या वाफ्यापुरती बघा.